एसावाचा हंबरडा आणि थोरल्याचा रुसवा

उत्पत्तीच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय आपल्या रविवारच्या मिस्सेत कधीच वाचला जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जो वाचनक्रम सिद्ध झाला त्यात तो सामान्य काळाच्या तेराव्या आठवड्यातील शनिवारी येतो आणि तोही एका वर्षाआड. त्या शनिवारी मोजकी मंडळी मिस्सेला असतात. त्यांनाही हा अध्याय सबंध ऐकायला मिळत नाही. दृष्टी गेलेला इसहाक थोरल्या मुलाला शिकारीला धाडतो, येथपर्यंतची पाच वचने वाचली जातात. रिबकेने धाकट्याशी केलेली मसलत गाळली जाते. मग एसावाची वस्त्रे, करडांची कातडी, बापाचे चाचपणे आणि अखेरीस आशीर्वाद. एकोणतिसाव्या वचनाला आशीर्वाद पुरा होतो आणि वाचनही तेथेच थांबते. तिसाव्या वचनात एसाव शिकारीहून परततो, काय घडले ते त्याला कळते आणि तो मोठ्याने, अत्यंत दुःखाने हंबरडा फोडतो. तो हंबरडा आपल्या उपासनेत कोणालाच ऐकू येत नाही.

वाचनक्रम सिद्ध करणाऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथातून निवड करायची तर काहीतरी गळणारच. परंतु काय गळले याचा आपल्या विचारपद्धतीवर परिणाम होतो. वाट्याच्या आणि वारशाच्या प्रश्नावर आपल्या प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांतून आणि बोधकथांतून जे लेखन होते, ते जवळजवळ सगळे दुसऱ्या एका भावाच्या आधारे होते. तो भाऊ म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील, उधळ्या पुत्राचा थोरला बंधू. ती कथा 'क' वर्षात उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी येते आणि सामान्य काळाच्या चोविसाव्या रविवारी पुन्हा येते. साहजिकच 'मला कमी मिळाले' असे म्हणणारा कोणीही दिसला की आपल्याला तो थोरलाच आठवतो. शेतावरून येऊन, घरातील वाद्यांचा आवाज ऐकून, दाराबाहेर रुसून उभा राहिलेला. त्याला सांगायचे उत्तरही ठरलेले असते: देवाच्या न्यायावर विश्वास ठेव, भावाचा हेवा करू नको.

प्रश्न असा आहे की, हे उत्तर एसावालाही लागू पडते काय?

दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या तर त्यांतील फरक चटकन ध्यानात येतो. उधळ्या पुत्राच्या कथेत धाकटा आपला वाटा मागतो तेव्हा बाप आपली मिळकत त्या दोघांत वाटून देतो, असे लूक स्पष्ट सांगतो. दोघांत, एकट्या धाकट्याला नव्हे. अनुवादाच्या २१ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे दोन भाऊ असतील तर दोनतृतीयांश थोरल्याचे. येशूच्या श्रोत्यांना हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. थोरला दाराबाहेर रुसून उभा आहे त्या क्षणी त्याच्या वाट्यातले एक मेंढरूही कमी झालेले नाही. जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे, असे बाप त्याला सांगतो, ती केवळ मायेची समजूत नव्हे. ती वस्तुस्थिती आहे. त्याला सलते आहे ते दुसऱ्याला मिळालेले स्वागत. अशा माणसाला 'हेवा करू नको' हे उत्तर योग्यच आहे. द्राक्षमळ्यातील पहाटेपासून राबलेल्या मजुरांनाही तेच उत्तर मिळते, कारण ठरलेला दीनार त्यांच्या हातावर पडलेला असतो.

एसावाचे तसे नाही. त्याचे खरोखरच काहीतरी गेले आहे आणि ते फसवून नेले आहे. त्याने ज्येष्ठत्वाचा हक्क मसुरीच्या वरणासाठी विकला होता हे खरे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याला याबद्दल कठोर शब्दांत दोष दिला आहे आणि पुढे रडूनही उपयोग झाला नाही असेही म्हटले आहे. तो दोष पुसण्याचे कारण नाही. परंतु उत्पत्तीचा लेखक अधिक सावध आहे. पंचविसाव्या अध्यायात त्याने एसावाच्या बेपर्वाईची नोंद केली, सत्ताविसाव्यात मात्र त्याने एसावाला मनसोक्त रडू दिले. फसवणाऱ्याच्या तोंडी असत्ये घातली तीही मोजून घातली. एवढ्या लवकर शिकार कशी मिळाली, असे बापाने विचारताच याकोब उत्तरात परमेश्वराचे नाव घेतो! ज्याने हा प्रसंग लिहिला त्याला याकोबाची बाजू सावरायची असती, तर हे वाक्य त्याने लिहिले नसते.

बाजू सावरण्याचे काम पुढे टीकाकारांनी केले. संत ऑगस्टिनसारख्या थोर आचार्याने याकोबाच्या कृतीला असत्य न म्हणता एक गूढ रहस्य म्हटले. ख्रिस्तसभेच्या परंपरेत ते मत दीर्घकाळ टिकून राहिले. त्यामागील भक्तिभाव समजू शकतो. देवाने ज्याला निवडले त्याच्या हातून पाप कसे घडेल, अशी ती अडचण आहे. तथापि, देवाची निवड आणि माणसाची लबाडी यांची गल्लत केल्यावाचून ही अडचण उभीच राहत नाही. थोरला धाकट्याची सेवा करील, हे वचन रिबकेला मुले पोटात असतानाच मिळाले होते. संत पौल रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायात निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल जे लिहितो त्याचा आधार हे वचन आहे. करडांची कातडी नव्हे. रिबकेने जे केले त्याने त्या वचनात तसूभरही भर पडली नाही. भर पडली ती एका हंबरड्याची आणि वीस वर्षांच्या ताटातुटीची. जिच्याजवळ देवाचा शब्द होता तिलाच देव तो पाळील असा भरवसा वाटला नाही. या कथेत दैवी न्यायावर अविश्वास कोणी दाखवला असे विचारले, तर त्याचे उत्तर रडणाऱ्याकडे बोट दाखवून देता येत नाही.

आणि कथा याकोबाला सोडत नाही. याकोब मामाच्या घरी जातो तेव्हा लग्नाच्या रात्री लाबान त्याला राहेलऐवजी लेआ देतो. सकाळी जाब विचारल्यावर लाबान म्हणतो की, थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. याकोबाला तो टोला बसला असणारच. वाचकालाही बसावा अशी लेखकाची अपेक्षा आहे. पुढे त्याचीच मुले बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा त्याच्यापुढे टाकतात. करडाचे कातडे आणि भावाची वस्त्रे यांनी ज्याने बापाला फसवले, त्याला बकऱ्याच्या रक्ताने आणि मुलाच्या वस्त्राने फसवले जाते. आपले आयुष्य थोडे आणि दुःखाचे गेले, असे तो म्हातारपणी फारोपुढे कबूल करतो. प्राचीन यहुदी गुरूंनी तर याहून पुढे जाऊन म्हटले की, याकोबामुळे एसावाने जो हंबरडा फोडला त्याची फेड कित्येक पिढ्यांनंतर शूशन नगरात झाली. कारण एस्तेरच्या पुस्तकात मोर्दखयाच्या आक्रोशासाठी तेच शब्द आले आहेत. आशीर्वादाचा वारसा ज्यांनी आपला मानला, त्या यहुदी लोकांच्याच गुरूंनी हे लिहून ठेवावे, याला मोठे मन लागते.

आता आपल्या घरांकडे येऊ. कारण हा प्रश्न केवळ शास्त्राभ्यासाचा असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतातील धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे एकाच बाकावर बसत आली आहेत. प्रत्येकाने आपल्याबरोबर वाटणीची आपली रीत आणली. गोव्याकडून आलेल्यांच्या आठवणीत पोर्तुगीज दिवाणी कायदा होता. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि निम्मी मिळकत वारसांकडून काढून घेता येत नाही. त्रावणकोरकडून आलेल्यांच्या आठवणीत १९१६ चा तेथील ख्रिस्ती वारसा कायदा होता. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, १९५१ पासूनच तेथे भारतीय वारसा कायदा लागू झालेला आहे. शेजारपाजारच्या हिंदू घरांत वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. आपल्याला लागू असलेला १९२५ चा कायदा मात्र मुळापासूनच सरळ आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे. मुलगा असो वा मुलगी.

कायदा सरळ असून काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. वडिलांचा महिना झाला, स्मरणाची मिस्सा झाली, की एक हक्कसोडपत्र पुढे येते. आखीव पत्रिकेवर भावाचे नाव लागायचे असते. बहिणीने फक्त सही करायची असते. तुझे लग्न करून दिले, तुला काय कमी आहे, असे म्हटले जाते. ती घुटमळली तर घरातलेच कोणी वडीलधारे माणूस समजावते की, बाई, देव सगळे पाहतो, तो तुला दुसऱ्या वाटेने देईल. भावाशी वाकडे घेऊ नको. वाक्य भक्तीचे आहे. ते एखाद्या बहिणीच्या तोंडून आपखुशीने निघाले, तर त्यापुढे मान लवावी. पण ते तिला ऐकवणारा माणूस जर तिच्या वाट्यावर बसलेला असेल, तर त्या वाक्याचा अर्थ पालटतो. देवावर भरवसा ठेवण्याचे काम ज्याचे जाते त्याच्याकडे आणि सातबारा ज्याला मिळतो त्याच्याकडे, अशी ती वाटणी होते. एसावाला थोरल्या भावाचा पोशाख चढवून दाराबाहेर उभे करण्याचा हा प्रकार आहे.

पवित्र शास्त्रात अशा बहिणींची एक कथा आहे आणि तीही आपल्या रविवारच्या वाचनांत येत नाही. गणनेच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे येऊन उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता, एवढ्यावरून त्याचे नाव का पुसावे, आम्हांला वाटा द्या, अशी त्यांची मागणी आहे. मोशे उत्तर देत नाही. तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो. परमेश्वर सांगतो की, मुलींचे म्हणणे बरोबर आहे. या पाच जणींच्या वागण्यात कुठेही अविश्वास दिसत नाही. उलट देव न्यायी आहे अशी खात्री असल्यावाचून कोणी त्याच्या दाराशी जाऊन कायदाच अपुरा आहे असे म्हणणार नाही. (पुढे ३६ व्या अध्यायात त्यांच्याच वंशातले पुरुष येतात आणि त्यांनी वंशाबाहेर लग्न करू नये असा निर्बंध घालून घेतात, हेही नमूद केले पाहिजे. जमीन वंशाबाहेर जाण्याची धास्ती तेव्हाही होतीच.)

याच्या उलट बाजूने लूकच्या १२ व्या अध्यायातील प्रसंग नेहमी पुढे केला जातो. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की, माझ्या भावाला वारशाचा वाटा द्यायला सांगा. आणि येशू वाटणी करणारा होण्याचे नाकारतो, मग लोभाविषयी इशारा देतो. यावरून वाटा मागणारा लोभी ठरवला जातो. परंतु लूकने तो इशारा एकट्या मागणाऱ्याला दिलेला नाही. येशू 'त्यांना' म्हणाला, असे अनेकवचन तेथे आहे. वाटा अडवून बसलेला भाऊही त्या गर्दीत असू शकेल. आणि लगेच येणारा दृष्टान्त कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा आहे, रिकाम्या हाताच्या माणसाचा नाही. एवढे वाचूनही हा प्रसंग एकाच बाजूला झुकवणे, हे वाचन म्हणून कच्चे आहे.

हा कच्चेपणा आपल्यात कशातून आला असावा? त्याचे एक कारण मला आपल्या शब्दांत दिसते. शास्त्राच्या रूढ मराठी अनुवादात वारशासाठी 'वतन' हा शब्द वारंवार येतो. सौम्य लोकांना मिळणारी पृथ्वीही वतनच आहे. शब्द रुबाबदार आहे, मराठी मातीतला आहे. पण वतन म्हणजे काय, हे मराठी माणसाला अनुभवाने ठाऊक होते. ते गावच्या दप्तरात एकदाच नोंदलेले असे, पिढ्यांगणिक त्याचे तुकडे होत, आणि एकाच्या तुकड्यात वाढ झाली की दुसऱ्याच्यात घट ठरलेली. शिवाय प्रत्येक वतन मानाचे नव्हते. महार वतन हे गुलामीचे जोखड आहे, असे जाणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले होते. कनिष्ठ वतने मुंबई राज्यात कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. वारसा नाकारूनही माणूस मोकळा होतो, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या या नागपूर शहराने डोळ्यांनी पाहिले. देवाच्या देण्याला 'वतन' म्हटले की, नकळत ते दप्तरातल्या नोंदीसारखे वाटू लागते: मोजलेले, संपणारे आणि भावाभावांत तंटा लावणारे.

एसावाचा प्रश्नही नेमका हाच होता. तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता काय, असे तो रडत बापाला विचारतो. सबंध अध्यायात याहून मोठा प्रश्न नाही. इसहाक गोंधळतो, आधी काहीच उरले नाही म्हणतो आणि मग दुसरा आशीर्वाद देतो, खडतर, तलवारीच्या बळावर जगण्याचा, पण मानेवरचे जू एके दिवशी मोडण्याचे वचन असलेला. म्हणजे आशीर्वाद एकच नव्हता.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या प्रश्नाचे उत्तर कोणी जगून दाखवले असेल तर ते लक्ष्मीबाई टिळकांनी, असे माझे मत आहे. टिळक दांपत्य आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, परंतु त्यांचा वारसा सर्वांचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच रेल्वेमार्गावर झाली. नागपुरात काही काळ राहिलेले नारायण वामन टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला जात असता गाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याला मिळालेल्या या आशीर्वादाने बायकोचे घर मोडले. काही वर्षे ती नातलगांच्या आश्रयाने राहिली. १९०० मध्ये तिने स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार केला. 'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: लक्ष्मीबाई तक्रार करायला कधी कचरत नाहीत. टिळकांचा उधळेपणा, त्यांचा तापटपणा, घरात नसताना आणलेले पाहुणे, सगळ्यांचा पाढा त्या खळखळून हसत वाचतात. त्यांची श्रद्धा गप्प बसण्यातून आलेली नाही. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' जेमतेम दहाएक अध्यायांपर्यंत आले होते. ज्या पत्नीला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तिने पुढचे ६४ अध्याय रचले. काव्यगुणांत दोघांचे हात वेगळे ओळखू येतात आणि ओवीची सहजता टिळकांची अधिक, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, या वारशाची वाटणी झाली तरी त्याचा तुकडा झाला नाही.

एसावाकडे पुन्हा एकदा वळून हे लेखन थांबवतो. तेहतिसाव्या अध्यायात वीस वर्षांनी दोघे भाऊ भेटतात. एसाव ४०० माणसे घेऊन येतो आहे, हे ऐकून याकोबाची गाळण उडते. तो सात वेळा भूमीपर्यंत वाकतो. एसाव धावत येतो, त्याला कवटाळतो, गळ्यात पडतो, चुंबन घेतो. लूकच्या १५ व्या अध्यायात उधळ्या पुत्राचा बाप धावत जातो, गळ्यात पडतो, चुंबन घेतो, तो क्रम हाच आहे, हे अनेक भाष्यकारांनी दाखवून दिले आहे. येशूने आपल्या स्वर्गीय पित्याचे चित्र काढताना ज्या कृती योजल्या त्या शास्त्रात पूर्वी एका फसवल्या गेलेल्या भावाने केल्या होत्या. याकोबालाही ते क्षणभर उमगले असावे. तुझे मुख पाहणे हे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, असे तो एसावाला म्हणतो आणि आणलेली गुरेढोरे घेण्याचा आग्रह धरतो. अनुवादात तेथे 'भेट' असे म्हणून भागते. मूळ हिब्रूत शब्द आहे तो आशीर्वादाचा. इसहाकाच्या तंबूतून नेलेल्या आशीर्वादासाठी वापरलेला तोच शब्द. याकोब काहीतरी परत करतो आहे. क्षमा आधी झाली आणि परतफेड नंतर. पण परतफेड झाली, एसावाने ती आधी नाकारली, मग घेतली.

त्यानंतर ते एकत्र राहिले नाहीत. मागाहून येतो असे सांगून याकोब दुसऱ्याच वाटेने गेला. स्वभाव सुटत नाही तो असा. पस्तिसाव्या अध्यायाच्या अखेरीस इसहाक मरण पावतो आणि त्याला त्याची दोन्ही मुले मिळून पुरतात. अब्राहामाला त्याच्या मुलांनी पुरले तेव्हा धाकट्या इसहाकाचे नाव आधी आले होते, इश्माएलाचे नंतर. येथे मात्र लेखकाने एसावाचे नाव आधी लिहिले आहे.